सर्वांना सारखा दिवा

४ मार्च

बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, दिव्याकडे बघायचं नाही. मग फोटोवाल्याने करायचं काय? काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचं आणि पोरीच्या चुका काढायच्या. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली आहे. तेव्हा स्टुडिओ, बाबा आणि आजी, तिन्ही माझ्या गळ्यात. शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊन गेल्यामुळे 'मला वेळ नाही' म्हणायचीही सोय नाही.

खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला आहे. कित्येक वर्षं एक गोष्ट बंद करायची मनात होती, ती आता माझ्या हातात आली. बाबा तिला 'एक हात' म्हणतात. फोटो काढला की छापण्याआधी कॉम्प्युटरवर चेहऱ्यावरून एक हात फिरवायचा, म्हणजे चेहरा उजळ करायचा. कोणी मागितलेलं नसतं आणि कोणाला विचारलेलंही नसतं. पूर्वी हे ब्रशने निगेटिव्हवर करायचे, आता माउसने. दुकानाच्या काचेत माझ्या तिसऱ्या वाढदिवसाचा फोटो आहे. त्यातली मुलगी माझ्यापेक्षा चार छटा गोरी आहे. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, ही तुझी बहीण का गं?

आज दारावर पाटी लावली: 'या स्टुडिओत चेहरा उजळ करून मिळणार नाही. तुम्ही आहात तसेच दिसाल.'

बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाले, "न्यायाधीश, ही जाहिरात आहे की धमकी?"

७ मार्च

तीन दिवसांत अकरा जणांचे फोटो काढले, त्यातल्या आठ जणांनी तोंड वाकडं केलं. शेजारचा शिंपी म्हणाला, "ताई, वडील फिरवायचे तसा हात फिरवा की. यात मला माझा काळा मामा दिसतोय." मी म्हटलं, मामा वाईट आहे का दिसायला? तर म्हणाला, मामाला आम्ही लग्नाला बोलवत नाही. आणि हसला. यात हसण्यासारखं काय आहे? या लोकांना आपण काय बोलतो ते ऐकूच येत नाही का?

बाबा पण हसले. एक डोळा झाकलेला असतानाही माणूस किती चुकीच्या वेळी हसू शकतो.

माझा नियम साधा आहे. गोरा येवो, सावळा येवो, काळा येवो, सगळ्यांना तीच खुर्ची, तोच पांढरा पडदा, तोच दिवा, तेच सेटिंग. सर्वांना सारखा दिवा. नंतर कोणाच्याही चेहऱ्याला बोट लावायचं नाही. इतकं न्याय्य असून लोकांच्या पचनी का पडत नाही, कळत नाही.

९ मार्च

आज आजीशी भांडण. तसं ते रोजच होतं, पण आज मी ताटावरून उठले.

वरच्या मजल्यावर नर्सबाई राहतात. चार वर्षांपूर्वी त्या आणि त्यांची मुलगी इथे आल्या. दूरच्या देशातल्या, वर्णाने अगदी काळ्या, दाट कुरळ्या केसांच्या. आता आमच्यासारखंच बोलतात, उलट माझ्यापेक्षा म्हणी जास्त. रोज सकाळी ड्यूटीला जाताना त्या आजीला इन्सुलिनचं इंजेक्शन देतात. आजीला दुसऱ्या कोणाच्या हातचं चालत नाही, "हिचा हात हलका आहे" म्हणते. आणि तरी आज त्या खोलीत आल्याबरोबर म्हणते कशी, "उजेडात ये गं बाई, दिसत नाहीस."

मला धरणी दुभंगावी असं झालं. नर्सबाई मात्र खळखळून हसल्या. "आजी, तो तुमचा मोतीबिंदू. मुलाबरोबर तुमचंही उरकून घ्यायचं होतं."

आजीही हसली. दोघी हसल्या! मी एकटीच लाल झाले.

त्या गेल्यावर मी आजीला खडसावलं. ती म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझं आहे, मान्य. पण तिला काही वाटत नाही तर तुला का झोंबतं?" म्हणजे बघा. हिनेच माझ्या लहानपणी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, मुलगी नाकीडोळी नीटस आहे, रंगात तेवढा मार खाल्ला. ऐंशी वर्षांच्या बाईला बदलणं शक्य नाही, हे मी स्वीकारलं आहे. पण नर्सबाईंचं हसणं मला स्वीकारता येत नाही. त्यांनी चिडायला हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर सुई तशीच ठेवून निघाले असते.

१२ मार्च

आज नर्सबाईंची मुलगी फोटोला आली! सतरा वर्षांची आहे. एका मोठ्या संस्थेची प्रवेशपरीक्षा आहे, तिचा फॉर्म भरायचा होता. आमच्याकडे फोटो काढून तिथूनच फॉर्म भरून देतो. माहिती तिने स्वतः भरली, फोटो मी जोडला.

मी तिची किती वाट पाहत होते हे तिला कसं कळणार. मी तिला 'एक हात'ची सगळी गोष्ट सांगितली, पाटी दाखवली. तिने पाटी वाचून "छान आहे ताई" म्हटलं. केस घट्ट मागे बांधून, साधा निळा शर्ट घालून आली होती. मी म्हटलं, केस मोकळे सोड ना, किती सुंदर आहेत, आणि माझी ती पिवळी ओढणी घे, तुला झकास दिसेल. तर म्हणाली, "फॉर्मला आहे ताई, असंच बरं." बिचारी. आपलं आहे ते लपवायची किती सवय लागली असेल.

मध्येच खुर्चीतून बाबांचा आवाज. "तो पांढरा पडदा काढ. खाली करडा आहे तो लाव. आणि दिवा पुढे घे."

दिव्याचा स्टँड माझ्या जन्माआधीपासून स्क्रूने जमिनीला पक्का बसवलेला आहे. तो आजवर कोणासाठी हलला नाही. मी विचारलं, "का? तिला उजळ करायला?"

"मी उजळ म्हटलं का? दिसायला नको का ती?"

"जशी आहे तशी दिसेल."

"अगं जशी आहे तशीच..."

"बाबा, पुरे."

त्यांनी हात वर केले आणि गप्प बसले. त्या मुलीसमोर माझी मान शरमेने खाली गेली. घरातली ही घाण तिने का ऐकावी?

फोटो काढला. पडद्यावर आल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ताई, हा असाच येतो का?"

मी म्हटलं, "तू सुंदर आहेस. कोणी काही म्हणो."

ती म्हणाली, "मी ते नाही विचारलं."

पण फोटो घेऊन गेली. या वयात आत्मविश्वास यायला वेळ लागतो, मलाही लागला होता. आज खूप दिवसांनी काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटतंय.

१५ मार्च

फोटो नाकारला. संस्थेच्या साइटवर लाल अक्षरांत: 'चेहरा स्पष्ट दिसत नाही.' खाली बारीक अक्षरांत असंही की संगणकावर फेरफार केलेला फोटो चालणार नाही, आणि एकूण तीनदाच फोटो जोडता येईल.

माझं डोकंच फिरलं. त्या यंत्राला काळा चेहरा चेहरा वाटत नाही! ज्यांनी ते बनवलं त्यांनी फक्त आपल्यासारख्यांची तोंडं दाखवून त्याला शिकवलं असणार. हे मी कॉलेजात वाचलं होतं, आज प्रत्यक्ष पाहिलं.

मी तोच फोटो पुन्हा पाठवला. मुद्दाम तोच, आणि सोबत तक्रार. चूक यंत्राची असताना फोटो आपण का बदलायचा? हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

दहा मिनिटांत तीच लाल अक्षरं. आता एकच संधी उरली. शेवटची तारीख वीस.

मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिला उगाच टेन्शन कशाला. आधी मी याचा सोक्षमोक्ष लावते.

१६ मार्च

गप्प बसणं म्हणजे सामील होणं. मी पोस्ट लिहिली आहे. नऊ ओळींची, एकेक शब्द तोलून. तिचा फोटो टाकला आणि खाली लाल अक्षरातल्या उत्तराचा फोटो. लिहिलं, 'ही माझी धाकटी बहीणच. हसरी, वाऱ्यासारखी चपळ, दुसऱ्या मातीतलं संगीत घेऊन आलेली. या यंत्राला ती दिसत नाही. तुम्हाला दिसते का?'

शेवटची ओळ लिहिताना मला रडू आलं.

१७ मार्च

फोन थांबायचं नाव घेत नाही! कॉलेजच्या सरांनीसुद्धा पोस्ट पुढे पाठवली. एका बातमीवाल्याचा मेसेज आला. बाबांना वाचून दाखवली तर विचारतात, "पोरीला विचारलंस का?" मी म्हटलं, बाबा, हे तिच्यासाठीच आहे. ते म्हणाले, "आपल्या गिऱ्हाइकाचा फोटो न विचारता मी काचेतसुद्धा लावत नाही." ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे न विचारता रंगवले त्याने मला हे शिकवावं. चोराच्या उलट्या बोंबा.

१८ मार्च

खाली घाणेरड्या कमेंटा येत आहेत. फारच घाणेरड्या. मी तिथल्या तिथे एकेकाला उत्तर देते आहे, दुपारी जेवलेही नाही. पण यातून माझा मुद्दाच सिद्ध होतो ना, की हा आजार किती खोल आहे.

मुलगी फोन उचलत नाही. अभ्यासात असेल.

आज सकाळी नर्सबाई आजीच्या इंजेक्शनला आल्या नाहीत. आजी बाही वर करून तासभर बसली होती. शेवटी मीच टोचलं, आणि तिच्या दंडावर निळं झालं.

१९ मार्च

नर्सबाई दुकानात आल्या. ड्यूटीच्या कपड्यांत. दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती जाईपर्यंत कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मग माझ्यासमोर फोन धरला. माझीच पोस्ट.

"हे काढ."

मी सांगू लागले की यामुळे किती लोकांना प्रश्न समजला. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "माझी मुलगी दोन दिवस शाळेत गेली नाही. वर्गातल्या मुलांनी तिचा फोटो फिरवलाय, खाली तुझी ओळ. 'तुम्हाला दिसते का?' विचारतात आणि डोळ्यांवर हात धरून बाकाला धडकतात."

मी म्हटलं, "ती मुलं नालायक आहेत."

"आहेत. त्यांच्या हातात फोटो कोणी दिला?"

मी म्हटलं, "तुम्ही आजीसमोर हसून सगळं सोडून देता म्हणून..." हे मी का बोलले ते देवाला ठाऊक.

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. "आजी बोलते ते मला आवडतं असं वाटतं तुला? घरोघर जाऊन सुया टोचायच्या तर प्रत्येक घरी भांडता येत नाही, बाळा. मी हसते ते माझ्या सोयीने. कुठे हसायचं आणि कुठे चिडायचं ते माझं मी बघेन."

मी पोस्ट काढली. त्यांनी जाता जाता विचारलं, "फॉर्मचं काय झालं? नाकारल्याचं तिला तुझ्या पोस्टमधूनच कळलं, पुढचं काहीच नाही." तेव्हा मला सांगावं लागलं. दोनदा नाकारला, दुसऱ्यांदा तोच फोटो पाठवला, उद्या शेवटचा दिवस.

नर्सबाई खाली बसल्या. जवळ खुर्ची नव्हती, दिव्याच्या स्टँडच्या बुडाशीच बसल्या. "दोन वर्षं ती याच एका परीक्षेसाठी अभ्यास करतेय," म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, जमिनीकडे बघून.

बाबा म्हणाले, "उद्या सकाळी घेऊन या तिला. मी काढतो."

घरी आल्यावर आजीला सगळं कळलं. ती म्हणाली, "माझ्या तोंडामुळे ती चार वर्षांत गेली नाही. तुझ्या चांगुलपणामुळे चार दिवसांत गेली." मी ओरडले तिच्यावर. तुझ्या बोलण्यावरही ती खुशीने हसत नव्हती, आजी, म्हटलं, तुला सहन करत होती! आजीने नर्सबाईंची वाट बघत वर करून ठेवलेली बाही खाली केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मला या घरातल्या सगळ्यांचा राग आलाय आणि सगळ्यात जास्त कोणाचा ते लिहवत नाही.

२० मार्च

सकाळी आठला त्या दोघी आल्या. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. तोच निळा शर्ट, तसेच बांधलेले केस.

बाबांनी मला स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितला. दिव्याचे चारही स्क्रू गंजलेले, वर तीनदा दिलेल्या रंगाचा थर. दोन निघाले. तिसऱ्याने माझ्या बोटाचं कातडं काढलं. चौथ्याला नर्सबाईंनी हात लावला तेव्हा तो हलला. वीस मिनिटं गेली. मी जमिनीवर बसून स्क्रू फिरवत होते आणि बाबा वरून बोलत होते, मला की स्वतःलाच, कोण जाणे.

"हे मीच ठोकलेत. दुकान काढलं तेव्हा या खुर्चीत तुझ्या आजीला बसवलं आणि तिच्या तोंडावर दिवा जमवून घेतला. आजी गोरी. तिच्या चेहऱ्याला बरोबर बसलं, मग पक्कं करून टाकलं."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आले की दिवा हलवायला हवा होता. येतं मला. पण हलवायला पाच मिनिटं लागतात, हात फिरवायला अर्धं. मग हातच फिरवत गेलो."

मी विचारलं, "माझ्या वेळीसुद्धा?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्या दिवशी दुकानात गर्दी होती," म्हणाले.

मी तिसरा स्क्रू पुन्हा घट्ट करावा की काय असं वाटण्याइतकी चिडले होते. पण ती मुलगी खुर्चीत बसून होती, आणि घड्याळ चालू होतं.

करडा पडदा लावला. दिवा तिच्या उजव्या गालापर्यंत पुढे घेतला, डावीकडे उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा धरून नर्सबाई उभ्या राहिल्या. बाबा एका डोळ्याने बघत, मान वाकडी करून, "इंचभर खाली, अजून, बस" करत होते. मग त्यांनी तिला सहज विचारलं, "कसली परीक्षा आहे बेटा ही?"

"पूल बांधायच्या शिक्षणाची, काका."

"पूल? कसले?"

आणि ती बोलायला लागली. नदीवरचे, दरीवरचे, दोरांवर टांगलेले. दोर कुठे ताणला जातो आणि भार कुठे उतरतो ते ती हवेत हात करून दाखवत होती. बाबा "असं होय" म्हणत होते आणि हळूच बटण दाबत होते. आमचे बाबा! ज्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कानात म्हटलं होतं, ही उंच आहे, धावायला पाठवली पाहिजे. आणि मी त्यावर त्यांना वर्णद्वेषी म्हणून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

पडद्यावर फोटो आला. काळाच चेहरा, जराही उजळ केलेला नाही. पण कपाळ वेगळं, गाल वेगळा, डोळ्यांत ती स्वतः. माझ्या फोटोत हे काहीच नव्हतं. यंत्राने पहिल्या फटक्यात घेतला.

नर्सबाई बाबांना म्हणाल्या, "हे तुम्हाला बारा तारखेलाच येत होतं."

बाबा म्हणाले, "सांगितलं होतं मी."

"सांगून गप्प बसलात."

बाबांनी काळा चष्मा परत लावला. बरं झालं, एकदा तरी कोणी त्यांना सुनावलं.

२२ मार्च

परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. नर्सबाई परत इंजेक्शनला येऊ लागल्या आहेत, पण आता दारातूनच घड्याळ बघत येतात. आजी आज त्यांना म्हणाली, "मी काहीबाही बोलते, मनावर घेऊ नकोस." त्या म्हणाल्या, "मनावर घेते, आजी. दंड पुढे करा." हसल्या नाहीत. आजी दिवसभर तेच तेच बडबडते आहे, मी काय वाईट बोलले, मी काय वाईट बोलले.

२३ मार्च

आज वर गेले. माफी मागायची होती. काय बोलायचं ते काल रात्रीपासून मनात घोळवत होते. सुरुवात, मध्य, शेवट सगळं होतं.

मुलीने दार उघडलं. आत टेबलावर वह्या, एका वहीवर पट्टीने काढलेल्या रेषा. तिने मला आत बोलावलं नाही.

मी बोलायला लागले. दिव्याचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं, माझा हेतू सांगितला. मला लहानपणी काय ऐकावं लागलं तेही सांगितलं. तिने मध्येच थांबवलं.

"तू मला चार वर्षं ओळखतेस. तू लिहिलंस मी संगीत घेऊन आले. मला गाता येत नाही."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

तिने दार जरा ओढून घेतलं. मग विचारलं, "किती लोकांनी पाहिली ती पोस्ट? काढलीस तेव्हा."

"एक लाख चौदा हजार तीनशे सहा," मी म्हणाले.

माझ्या हातात फोन नव्हता. तो खाली दुकानात होता. ते तिच्या लक्षात आलं, आणि मग माझ्याही.

"बरं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.